आधी साबण ठेवा, मग पोस्टर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिला पाऊस पडला की तुमच्या पेपरात ती चौकट येतेच, पावसाळ्यात घ्यावयाची काळजी. पाणी उकळून गाळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, जेवणाआधी साबणाने हात धुवा, शिंकताना नाकावर रुमाल धरा. यंदाही आली, त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि ती वाचूनच मी हे पत्र लिहायला बसलेय कारण मला एक साधा प्रश्न पडलाय की हे हात धुवायचे कुठे? घरात ठीक आहे, पण माणूस दिवसभर घरात नसतो ना. एसटी स्टँडवर बेसिन असतं, त्याला नळ असतो, नशीब असेल तर पाणीपण असतं, साबण मात्र नसतो. तहसील कचेरीत तेच, मंडईत तेच, आणि एका दवाखान्यात तर मी बघितलं की ओपीडीबाहेरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत पोस्टर आणि त्याच्याच खाली कोरडं ठणठणीत बेसिन, त्यात कुणीतरी तंबाखूची पिंक टाकलेली. पोस्टर छापायला पैसे होते, साबणाच्या वडीला नव्हते बहुतेक.

लोकांना सवयच नाही, लोकांना शिस्तच नाही, हे आपल्याकडे फार पटकन बोललं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की सवय लागायला आधी सोय लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात गेली, आता रिटायर होऊन मुलाकडे धायरीला राहते. खिचडीची घंटा झाली की पोरं ताटं घेऊन पळत सुटायची आणि नळाखाली हात नुसते ओले करून चड्डीला पुसून रांगेत उभी. आता त्यांना काय बोलणार, साबण होता कपाटात, कुलपात! का, तर मुलं वाया घालवतात, खेळतात, आणि बाहेर ठेवला तर कावळा उचलून नेतो. हसू नका, खेड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, कावळा खरंच साबण पळवतो. त्यावर उपाय एका पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनीच काढला, लसूण मिळतो ना ती जाळीची पिशवी, तीत वडी घालायची, तोंड बांधायचं आणि नळाला आखूड दोरीने लटकवायची. वडी पडत नाही, विरघळत नाही, पोरं खिशात घालून नेत नाहीत, कावळ्याला पण जमत नाही, आणि नुसती जाळी हातात चोळली तरी भरपूर फेस होतो.

नळ लांब असेल किंवा पाणीच कमी असेल तर पाच लिटरचा कॅन आडव्या काठीला टांगून, त्याच्या तोंडाला दोरी बांधून खाली पायाने दाबायची दांडी करायची, त्याला टिप्पी टॅप म्हणतात, बऱ्याच आश्रमशाळांत आणि अंगणवाड्यांत केलेले आहेत. पाणी फार थोडं लागतं आणि नळाच्या चावीला कुणाचाच हात लागत नाही. वडी परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी आणखी स्वस्त म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीत दीड लिटर पाण्यात दोन-तीन चमचे कपड्याची पावडर, टोपणाला खिळ्याने भोक, झालं. बांगलादेशात हा उपाय लोकांनी घरोघर वापरून बघितलाय. चुलीतली राखसुद्धा चालते, चोळल्याने निघतं ते निघतंच, फक्त अंगणातली माती घेऊ नका, जुनी माणसं घ्यायची पण त्या मातीतच काय काय असतं ते सांगायला नको.

आणि साबण लावून हात वीस सेकंद चोळा म्हणतात, ते वीस सेकंद. पोरांना सेकंद कळत नाहीत. मी त्यांना पाढा म्हणायला लावायचे, बेचा सावकाश एकदा आणि लगेच तीनचा, तोपर्यंत बोटांच्या मधे, अंगठ्याला, नखांच्या कडेला फेस लावत राहायचं. नंतर जरा मोठ्या मुलांना सतराचा. साबणाचा साबण आणि पाढे पण पाठ, मुख्याध्यापक खूश. नखं दर सोमवारी बघायची, कारण नखात जंतांची अंडी राहतात, वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात ती द्या पण नखं वाढलेलीच असली तर पुन्हा आहेच.

आता साबणच का, सॅनिटायझर का नाही, हे जरा नीट लिहिते कारण इथे भलेभले शिकलेले लोक गोंधळतात. मार्च 2020 मध्ये पुण्यात राज्यातला पहिला कोरोना पेशंट सापडला आणि त्यानंतर प्रत्येक सोसायटीच्या गेटवर, दुकानाच्या दारात ते पायाने दाबायचे स्टँड आले. आठवतायत? आमच्या भागातल्या एका सोसायटीत तो स्टँड आता झाडाची कुंडी ठेवायला वापरतात. असो. कोरोना, फ्लू या विषाणूंना बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं, ते अल्कोहोलनेही फुटतं आणि साबणानेही फुटतं, म्हणून तेव्हा सॅनिटायझर चाललं, अल्कोहोल कमीत कमी 60 टक्के असेल तर. पण जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस, लहान मुलांना हातापायावर आणि तोंडात फोड येतात तो हँड फूट माउथचा विषाणू, डोळे आणणारा अ‍ॅडिनोव्हायरस, यांना ते आवरणच नसतं, त्यामुळे बॅगेला लटकवलेल्या त्या छोट्या बाटलीचा त्यांच्यावर तितका परिणाम होत नाही. साबण त्यांना मारतोच असं नाही, पण चोळून, सुटं करून, वाहत्या पाण्याबरोबर हातावरून काढून टाकतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. शौचाला जाऊन आल्यावर, बाळाचं लंगोट बदलल्यावर, हात चिकट किंवा मातकट असताना सॅनिटायझर चोळणं म्हणजे घाण पसरवणं. प्रवासात नाहीच काही तर वापरा, मी पण वापरते.

2023 च्या जुलैमध्ये आळंदीपासून डोळे येण्याची जी साथ सुरू झाली आणि बघता बघता अख्ख्या महाराष्ट्रात पसरली ती आठवा. लोक काळे गॉगल लावून फिरत होते, म्हणे नजरेने पसरते. नजरेने काही पसरत नाही, डोळा चोळलेल्या हाताने पसरते, आणि बेसिनजवळ खिळ्याला लटकलेल्या त्या एका टॉवेलने पसरते. हा टॉवेल फार दुर्लक्षित विषय आहे. हॉटेलात असतो, मंगल कार्यालयात असतो, घरी पाहुणे आले की आपणही त्यांना तोच देतो. हात स्वच्छ धुवायचे आणि ओल्या कळकट टॉवेलला पुसायचे, म्हणजे सगळं केलेलं मुसळ केरात. घरात ज्याचा त्याचा वेगळा टॉवेल, एवढा एक नियम केला तरी निम्मी भांडणं होतील पण डोळे येणं कमी होईल. बाहेर असाल तर हात झटकून हवेत वाळू द्या, किंवा स्वतःचा रुमाल, पण तो रुमाल शिंकायचा नाही, शिंकायला दुसरा ठेवा किंवा सरळ कोपरात शिंका. पदराला नाक पुसून त्याच पदराने नातवाचं तोंड पुसणाऱ्या आज्या मी रोज बघते, प्रेम आहे मान्य, पण नको.

मी धायरीत राहते म्हटल्यावर जीबीएसबद्दल, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराबद्दल, लिहिल्याशिवाय कसं चालेल. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात पेशंट वाढायला लागले, आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, आणि आमच्याकडे लोकांची अशी घाबरगुंडी उडाली की पेशंट असलेल्या मजल्यावर लिफ्ट थांबवायला लोक घाबरत होते. तो आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो आधीचा पोटाचा संसर्ग, काही पेशंटच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला होता, काहींच्यात नोरोव्हायरस, आणि पोट बरं झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, मग पायात मुंग्या, मग पायातली ताकद जाते. सगळ्यांना होत नाही, पोट बिघडलेल्यातल्या फार थोड्यांना होतं. विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, खासगी आरओचं पाणी, सगळ्याचे नमुने घेतले गेले, काही आरओ प्लांट महापालिकेने बंद केले, महिनाभर सगळेजण पाणी उकळत होते. नंतर? नंतर गॅस महाग आहे हो मॅडम, असं मला शेजारच्या बाईंनी सांगितलं, आणि त्यांचंही काही चूक नाही.

त्याच वेळी चिकनबद्दल खूप उलटसुलट झालं. चिकन खाऊ नका असं मी म्हणत नाही, पूर्ण शिजवून खाल्लंत तर काही होत नाही. धोका वेगळीकडेच असतो. आपण चिकन आणलं की आधी नळाखाली खळखळ धुतो, त्याशिवाय बाईमाणसाला चैन पडत नाही, आणि त्या धुण्याने जंतू जात तर नाहीतच, उलट शिंतोडे उडून ओट्यावर, बाजूच्या धुतलेल्या भांड्यांवर, कापून ठेवलेल्या काकडीवर जातात. कॅम्पायलोबॅक्टरला पोट बिघडवायला अगदी थोडे जंतू पुरतात. जगभरचे आरोग्यवाले सांगतात की कच्चं चिकन धुऊच नका, शिजताना जंतू मरतातच. हे आपल्याकडे कुणाला पटणार नाही हे मला माहितेय, माझ्या सुनेलाही पटलं नाही. मग निदान पातेल्यात पाणी घेऊन हलकेच धुवा, ते पाणी सावकाश ओता, सिंक आणि ओटा लगेच साबणाने घासा, विळी किंवा सुरी आणि पाट कोशिंबिरीला वेगळा ठेवा. आणि ओट्यावरचं ते फडकं, ज्याने ओटा, ताटं, हात, कधीकधी फरशीवर सांडलेलं दूधपण पुसतात, ते रोज उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवा.

घराबाहेरच्या छोट्या छोट्या गोष्टी तर विचारूच नका. भाजीवाला कॅरीबॅग उघडायला तिच्यात फुंकर मारतो. किराणावाला बोटाला थुंकी लावून नोटा मोजतो, मग त्याच बोटांनी तुमचा खवा मोजून देतो. पाणीपुरीवाल्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात. आता बरेच जण ग्लोव्हज घालतात, बरं वाटतं बघून, पण त्याच ग्लोव्हजने पैसे घेतात, त्यानेच घाम पुसतात, त्यानेच वडा पावात भरतात. ग्लोव्हज घातल्यावर हात चिकट झालेला कळत नाही म्हणून उलट धुतला पण जात नाही, त्यापेक्षा उघडा हात बरा, दर थोड्या वेळाने धुतलेला. पैसे घ्यायला वेगळा माणूस किंवा स्कॅनर, नोटांसाठी बँकेत असते तशी ओल्या स्पंजची डबी, आणि गाडीला एक तोटीवाला कॅन आणि साबण. पाव वाढायला चिमटा. यातलं काहीच महाग नाहीये, आणि गिऱ्हाईकांनी सारखं विचारलं तर फेरीवाला करतो, तो काही अडाणी नसतो. घरात पिण्याच्या पाण्यात ग्लास बुडवू नका, माठाला तोटी लावा नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, हे आता पुन्हा सांगायची वेळ आलीये कारण वीस लिटरचे जार आले आणि तोटी तुटली की लोक सरळ जारचं टोपण काढून आत ग्लास घालतात.

पण संपादकसाहेब, मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाचा. वर्षभर एकही दिवस न चुकता शाळेत आलेल्या मुलाला स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलावून सर्टिफिकेट देतात, टाळ्या वाजवतात. म्हणजे ते मूल वर्षभर एकदाही आजारी पडलं नाही? पडलं असणारच. ताप असताना सकाळी पॅरासिटामॉलचा डोस पाजून पाठवलं, बारा वाजता औषधाचा असर उतरला, तोवर बाकावरच्या दोघांना आणि पुढच्या रांगेला वाटून झालं. फ्लू होतो तेव्हा लक्षणं दिसायच्या आधीच्या दिवसापासून तो पसरत असतो, पुढे पाच-सहा दिवस तरी. साधा नियम असा की औषध न देता चोवीस तास ताप आलेला नाही, मगच शाळा. उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस गेले, मगच शाळा. हा नियम किती शाळांच्या डायरीत छापलेला असतो? गणवेशाच्या सॉक्सचा रंग मात्र छापलेला असतो. आईवडिलांना पण दोष देता येत नाही, दोघं नोकरी करतात, रजा टाकली तर बॉसचं तोंड बघावं लागतं.

आणि हेच घरकामाच्या मावशींचं. आपण रोज त्यांना सांगतो हात धुवून कणीक मळा, आणि सर्दी-ताप असताना त्या आल्या नाहीत की खाडा कापतो. खाडा कापला तर त्या तापातच येणार, चार घरची भांडी घासणार, पोळ्या लाटणार, आणि मग आपण म्हणणार या लोकांना स्वच्छता कळत नाही. आजारपणाचे महिन्याला दोन खाडे भरपगारी ठेवले तर तुमच्या घरात आजार कमी येतील, हा निव्वळ स्वार्थाचा हिशोब आहे, उपकार नाही. हॉटेलातल्या पोऱ्याला, मेसच्या स्वयंपाक्याला, कंडक्टरला तेच लागू आहे. टायफॉइड आणि कावीळ वाढणाऱ्याच्या हातातून ताटात येतात.

कुणीतरी लगेच म्हणेल की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, बाहेरून आलं की पाय धुणं, सोवळ्यात स्वयंपाक, वगैरे, कोरोनात असले फॉरवर्ड रोज यायचे. पाय धुणं चांगलंच आहे. पण त्याच काळात पटकीने गावंच्या गावं उठायची, लोक मरीआईचा गाडा ओढत शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचे आणि शेजारचे तो पुढच्या शिवेवर. विहिरीतल्या जंतूला सोवळं कळत नव्हतं. हात धुण्याचं खरं महत्त्व डॉक्टरांना सुद्धा उशिराच कळलं, 1847 साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात यायच्या आधी सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले, तरी बाकीचे डॉक्टर वर्षानुवर्षं ऐकेनात. त्याने भाषण करून सोडून दिलं नव्हतं हे बघा, ते पाणी दारातच ठेवलं होतं.

तीच ब्लीचिंग पावडर आज आपल्या ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणून येते. जलसुरक्षक ती टाकीत टाकतो, किंवा टाकली असं रजिस्टरला लिहितो. शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे, ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन बघतात त्या चाचणीला, पाणी पिवळं झालं तर ठीक, नाही झालं तर पावडर जुनी आहे किंवा पडलेलीच नाही. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीनंतर गावाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं, ते तुमच्या गावाला कुठलं मिळालंय हे किती जणांना माहीत असतं? हात कितीही धुतले आणि ज्या पाण्याने धुतले तेच गटाराशेजारच्या फुटक्या पाइपातून आलं असलं तर काय उपयोग.

एक सांगून टाकते, हात धुवून सगळंच थांबत नाही. डेंग्यू डासाने होतो, त्याला पाणी साठलेल्या कुंड्या आणि टायर बघा. गोवर हवेतून पसरतो, 2022 च्या शेवटी गोवंडीत साथ आली तेव्हा प्रश्न लस चुकलेल्या मुलांचा होता. टीबी खोकल्यातून येतो, तिथे तोंड झाकणं आणि खेळती हवा. प्रत्येक आजाराला वेगळा रस्ता आहे आणि चौकटीत सगळे एकत्र घातले की वाचणारा काहीच करत नाही.

पैसे नाहीत हे कारण मला कुणी देऊ नये म्हणून हेही लिहिते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, होता, त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. शाळांना समग्र शिक्षा योजनेमधून जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे. यात साबण बसतो. टिप्पी टॅपचा कॅन बसतो. नळाची गळकी चावी बदलणं बसतं.

तर माझी विनंती अशी आहे की पुढच्या वर्षी ती काळजीची चौकट छापायच्या आधी तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना जरा फिरवा, स्टँड, कचेऱ्या, दवाखाने, शाळा, कुठे साबण आहे कुठे नाही याचा तक्ता करून चौकटीच्या शेजारी छापा, नावानिशी. आणि वाचकांनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला झेंडावंदन करून लगेच घरी जाऊ नये, थांबावं, आणि विचारावं की शाळेच्या नळाला वडी कधी लटकणार आणि कार्ड कुठल्या रंगाचं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धायरी, पुणे